पंधरा हजार रुपये, जून महिना आणि अडीच क्विंटल गहू: सिडकोतल्या एका घराचा हिशेब

नाशिकच्या सिडकोत, पवननगरच्या बाजूला, भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या एका कुटुंबाने एप्रिलमध्ये हातात आलेले १५,००० रुपये कसे वाटले, त्याची ही नोंद आहे. मी बचत गटांच्या बैठकांना हिशेब लिहायला मदत करते, त्यामुळे अशा वह्या बऱ्याच पाहिल्या आहेत. ही वही वेगळी वाटली, कारण तिच्यात खर्चाबरोबर तारखाही होत्या. डबा कधी उघडला, गहू कधी संपला, उधारी कधी फिटली, सगळं लिहिलेलं. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ग्राहक विवेकी आहे असं गृहीत धरतात. तो विवेक प्रत्यक्षात कसा चालतो, हे या वहीत पानोपानी दिसतं. घर ओळखू येऊ नये म्हणून नावं देत नाही आणि आकडे थोडे गोल केले आहेत.

घर आणि पगाराची तारीख

घरात पाच माणसं. यजमान अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका इंजिनिअरिंग कारखान्यात, ठेकेदाराकडून मशीन ऑपरेटर. हातात १९,५०० रुपये पडतात, महिन्याच्या सात ते दहा तारखेच्या दरम्यान. ताई घरीच ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात. लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी महिन्याला सहा-सात हजार होतात, आषाढात आणि पितृपक्षात दोन हजारांचीही मारामार. सरासरी साडेचार हजार धरले तर घरात महिन्याला २४,००० येतात. शिवाय सासूबाई, नववीत जाणारी मुलगी आणि पाचवीत जाणारा मुलगा.

बांधलेले खर्च असे. भाडं ६,०००, वीज ९००, गॅस ९००, दोन मोबाइलचा रिचार्ज ५००, मुलांची फी आणि शिकवणी १,५००, पेट्रोल १,५००, सासूबाईंची औषधं ८००. बचत गटाचे ५०० आणि भिशीचे १,००० आधीच बाजूला निघतात. झाले १३,६००. किराणा, दूध, भाजी, अंडी-चिकन मिळून ९,२००. उरलेल्या बाराशेत चप्पल, साबण, पाहुणे, आहेर, डॉक्टर, सगळं.

बचत वगळली तर हे घर महिन्याला २२,५०० रुपये खर्च करतं, म्हणजे माणशी ४,५००. सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात देशाच्या शहरी भागाची माणशी सरासरी ६,९९६ रुपये आली होती आणि त्यातला ३९.६८ टक्के भाग खाण्यापिण्याचा होता. या घरात तो भाग ४१ टक्क्यांच्या आसपास आहे. उत्पन्न कमी असेल तर खाण्यावरचा वाटा मोठा असतो, हे अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये दाखवलं होतं. इथे माणशी खर्च सरासरीपेक्षा एवढा कमी असूनही तो वाटा जेमतेम टक्काभराने जास्त आहे. याचं कारण भाडं. सहा हजार आधीच जातात, पोटाला मिळतं ते त्यानंतर.

मदतीच्या योजनांच्या हे घर जरा वरच पडतं. प्राधान्य कुटुंब म्हणून रेशनचं धान्य मिळायला महाराष्ट्राच्या शहरी भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० आहे. लाडकी बहीण योजनेची मर्यादा अडीच लाख आहे. यांचं उत्पन्न दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. अशी घरं शहरात पुष्कळ आहेत. त्यांना बाजारभावानेच सगळं घ्यावं लागतं, आणि त्यांच्याबद्दल लिहिलं कमी जातं.

पैसे आले, आणि त्यांना वाटा फुटल्या

एप्रिलच्या मध्यावर ताईंना बारा हजारांची भिशी लागली. लग्नसराईच्या शिलाईतले तीन हजार शिल्लक होते. झाले पंधरा हजार.

सासूबाईंचं म्हणणं होतं की वर्षाचं धान्य भरायचं. या घराला महिन्याला वीस किलो गहू लागतो, म्हणजे वर्षाला २४० किलो. निफाडकडच्या नात्यातल्या शेतकऱ्याकडून लोकवन गहू ३२ रुपयांनी मिळत होता, त्याचे ७,६८० रुपये. घोटीकडचा तांदूळ एक क्विंटल, ५० रुपयांनी पाच हजार. शिवाय मिरची-मसाला. यजमानांचाही धान्यालाच कौल होता, कारण दुकानात भाव चढत जातो हे त्यांनी पाहिलं होतं. ताईंना शिलाई मशीनला मोटर बसवायची होती, २,२०० रुपयांची. आणि जूनमध्ये शाळा होती. पुस्तकं, वह्या, दोन गणवेश, दप्तर, पहिला हप्ता, मिळून नऊ हजारांचा अंदाज.

सगळं धान्य भरलं तर तेरा हजारांच्या जवळ गेले. मग जूनमध्ये शाळेसाठी गटाकडून सहा-सात हजार कर्ज, महिन्याला दोन टक्के व्याजाने. वरवर पाहिलं तर यात काही वावगं नाही. गट घरचाच, व्याज गटातच राहतं आणि धान्य स्वस्तात पडतं. पण ते खरोखर स्वस्तात पडतं का, हे तोवर कुणी मांडून पाहिलं नव्हतं.

गव्हाचा हिशेब

ताईंच्या वहीत मागच्या वर्षीचे दुकानातले भाव होते. एप्रिलमध्ये ३४, ऑगस्टमध्ये ३६, नोव्हेंबरात ३८, फेब्रुवारीत ४०. दहा महिन्यांत सहा रुपये, म्हणजे महिन्याला साठ पैशांची चढण. वर्षभर दर महिन्याला दुकानातून घेतला तर सरासरी ३७ रुपये ३० पैसे पडतो. एकदम घेतला तर ३२. किलोमागे पाच रुपये तीस पैसे, २४० किलोंवर १,२७० रुपये. यजमानांचा आकडा हाच होता आणि तेवढ्यापुरता तो बरोबर होता.

आता दुसरी बाजू. टेम्पो, हमाली, गहू निवडणं, उन्हात घालणं, एरंडेल चोळणं, पावसाळ्यात लागणारी थोडी कीड, हे सगळं किलोला रुपयाच्या घरात जातं. म्हणजे २४०. राहिलं व्याज. एका किलोत ३२ रुपये अडकले तर दोन टक्क्यांनी महिन्याला ६४ पैसे. जो किलो सहा महिन्यांनी खायचा त्यावर ३ रुपये ८४ पैसे, जो अकराव्या महिन्यात खायचा त्यावर सात रुपये. सगळे महिने धरून २४० किलोंवर ८४५ रुपये होतात. १,२७० मधून २४० आणि ८४५ वजा केले की उरतात १८५.

हा आकडा मांडला तेव्हा यजमान बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही वर्षभर खोलीत पोती ठेवायची, ती दीडशे-दोनशे रुपयांसाठी?"

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. भाव महिन्याला साठ पैसे चढतो आणि व्याज चौसष्ट पैसे होतं, हे आकडे इतके जवळ आले हा निव्वळ योगायोग नाही. गहू टिकतो. टिकणाऱ्या मालाचा भाव सुगीनंतर चढतो तो मुख्यतः साठवणाऱ्याचा खर्च भरून निघेल इतकाच. त्याहून जास्त चढू लागला तर आणखी लोक साठवतात आणि पुढे माल जास्त येऊन भाव खाली येतो. शिवाय केंद्र सरकारकडे गव्हाचा साठा असतो आणि भाव फार चढला की तो खुल्या बाजारात सोडला जातो. व्यापाऱ्याला बँकेचा पैसा महिन्याला एक टक्क्याच्या आत-बाहेर पडतो, गोदाम मोठं असतं, पोत्यामागे खर्च कमी. ताईंना पैसा दोन टक्क्यांनी पडतो आणि गोदाम म्हणजे पलंगाखालची जागा. गहू सांभाळायचं काम व्यापारी त्यांच्यापेक्षा स्वस्तात करतो.

ज्याच्याकडे पैसे नुसते पडून आहेत त्याचा हिशेब निराळा. बचत खात्यात वर्षाला तीन टक्केही मिळत नसतील तर त्याने खुशाल वर्षाचा गहू भरावा, हजारभर रुपये वाचतील. तोच गहू, तोच भाव, पण एका घराला भरणं फायद्याचं आणि शेजारच्या घराला जवळपास शून्याचं. म्हणून "एकदम घ्या, स्वस्त पडतं" हा सल्ला सरसकट देणं मला चुकीचं वाटतं. सल्ला देणाऱ्याचा पैसा कुठल्या दराने पडतो आणि घेणाऱ्याचा कुठल्या, हे आधी विचारलं पाहिजे.

सासूबाईंचा मुद्दा

एवढं झाल्यावर सासूबाई बोलल्या. "तुमचं व्याजाचं खरं असंल. पण याचं काम सुटलं तर दुकानदार उधार देईल का? घरात दाणा पाहिजे."

मला हा मुद्दा आधीच्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा वजनदार वाटला. ठेकेदाराकडच्या कामगारांना मधूनमधून बिनपगारी ब्रेक मिळतो. ऑर्डर कमी झाली की आधी ओव्हरटाइम जातो, मग कामाचे दिवस कमी होतात. आषाढ ते भाद्रपद ताईंची शिलाईही बसलेली असते. दोन्ही उत्पन्नं एकाच वेळी आटण्याचा धोका नेमका पावसाळ्यात आहे. त्या काळात घरात गहू असणं हा एक प्रकारचा विमा आहे. विमा म्हटला की त्यातून काही रुपये वाचलेच पाहिजेत अशी अपेक्षा धरायची नसते.

पण विमा किती महिन्यांचा हवा? दिवाळीला बोनस येतो, ताईंचीही कमाई दिवाळीच्या आधी वाढते. म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, सात महिने. सात महिन्यांचे १४० किलो. पोती पन्नास किलोंची असतात, म्हणून तीन पोती, दीड क्विंटल, ४,८०० रुपये. बाकीचा गहू दिवाळीनंतर, बोनसच्या पैशातून. सासूबाईंना वर्षाचा कोठा भरलेला हवा होता, त्यांचं पूर्ण समाधान झालं नाही. पण पावसाळा निघेल एवढा दाणा घरात येतोय म्हटल्यावर त्यांनी मान हलवली.

तांदूळ पंचवीस किलोंवर आणला. मिरची-मसाल्याचे हजार रुपये मात्र कुणीच कमी केले नाहीत, कारण मिरची वाळवायला एप्रिल-मेचंच ऊन लागतं.

कांदा वेगळा का

याच घराने कांद्याच्या बाबतीत उलट निर्णय घेतला आणि तोही बरोबर होता. उन्हाळ कांदा तेव्हा १५ रुपयांनी मिळत होता. आधीच्या वर्षी ऑक्टोबरात दुकानात ४० पर्यंत गेल्याचं वहीत होतं. पंधरा रुपयांवर सहा महिन्यांचं व्याज एक रुपया ऐंशी पैसे. घरात ठेवलेल्या कांद्यातला तिसरा हिस्सा सडला, मोड आले, वजन उतरलं असं धरलं तरी वापरात येणारा किलो पंचवीस रुपयांच्या आसपास पडतो. गहू सगळेच साठवू शकतात म्हणून त्याचा भाव शांत असतो. कांद्याला शेतकऱ्याच्या कांदाचाळीतही घट येते आणि खरिपाचा लाल कांदा बाजारात येईपर्यंत जुन्यावरच भागवायचं असतं, म्हणून भाव उसळतो.

मग पोतंभर का नाही घेतला? कारण नाशिकच्या माणसाला कांद्याचा भाव पडतानाही माहीत असतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातबंदीच झाली आणि लासलगावचे लिलाव काय झाले ते सगळ्यांनी पाहिलं. शिवाय दोन खोल्यांत कांदा पसरून ठेवायला वारा खेळती जागा नाही. तीस किलो घेतला, ४५० रुपये. भाव पडला असता तरी नुकसान साडेचारशेच्या आतच राहिलं असतं.

तेलाचा डबा

तेल पंधरा हजारांच्या यादीत नव्हतं, तरी तो प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच आठवड्यात यजमान सोयाबीन तेलाचा डबा बघून आले. एका दुकानात १५ लिटरचा २,१३० रुपयांना, दुसऱ्यात १५ किलोचा २,२८०. त्यांचं मत अर्थातच पहिल्याला. ताईंनी विचारलं, "लिटर का किलो?" एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. पंधरा लिटर म्हणजे १३ किलो ६५० ग्रॅम. पहिला डबा किलोला १५६ ने पडत होता, दुसरा १५२ ने. दीडशे रुपयांनी महाग दिसणारा डबा खरा स्वस्त होता.

आणि तरीही ताईंनी तो घेतला नाही. त्या लिटरच्या पिशव्याच आणतात, १४५ रुपयांची एक, म्हणजे किलोला १५९ ने. कारण वहीत होतं. वर्षभरापूर्वी त्यांनी १५ किलोचा डबा आणला होता, उघडल्याची आणि संपल्याची तारीख लिहिली होती. बरोब्बर तीन महिन्यांत संपला, महिन्याला पाच किलो. पिशव्या आणल्या की चार किलो जातं. "डबा भरलेला दिसला की हात सैल सुटतो," त्या म्हणाल्या. पाच किलो १५२ ने ७६०, चार किलो १५९ ने ६३६. महाग दराने घेऊन महिन्याला १२४ रुपये वाचतात.

मोठं पॅक घेणारा ग्राहकच शहाणा, असं धरलं तर ताईंची ही निवड अविवेकी ठरेल. पण दर आणि वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मोठ्या पॅकने वापर वाढतो हे त्यांनी स्वतःच्या घरात मोजलेलं होतं. माणूस स्वतःच्या हाताला लगाम घालण्यासाठी मुद्दाम लहान माप निवडतो, पैशाची वेगवेगळी पाकिटं करतो, यावर रिचर्ड थेलर या अर्थतज्ज्ञाने बरंच काम केलं आणि २०१७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ताईंच्या कपाटात भाड्याचा, शाळेचा आणि गॅसचा असे तीन डबे आहेत. शाळेच्या डब्यातले पैसे भाजीला काढायचे नाहीत, हा घरातला नियम आहे.

मोटर

यजमानांना मोटर ही चैन वाटत होती. पायाने मशीन चालतंय ना, मग कशाला? ताईंचं उत्तर सरळ होतं. लग्नसराईत आठवड्याला आठ-दहा ब्लाउज त्यांना परत पाठवावे लागत होते. मोटर असती तर रोज एखादा जास्त झाला असता. मागणी आधीच दारात येऊन परत जात होती, हा या निर्णयाचा सगळ्यात भक्कम आधार होता. नुसतं "काम वाढेल" असं असतं तर मी यजमानांच्या बाजूने बोलले असते.

एका साध्या ब्लाउजचे दोरा-हूक वजा जाता १४० रुपये सुटतात. मोटरचे २,२०० निघायला सोळा ब्लाउज लागणार. विजेचा हिशेब करताना मात्र जपावं लागलं. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटपर्यंत एक आणि १०१ ते ३०० पर्यंत जवळपास दुप्पट आहे. उन्हाळ्यात पंख्यांमुळे या घराचं मीटर आधीच शंभरच्या पुढे जातं. म्हणजे मोटरची महिन्याची दहा युनिटं वरच्या दराने पडणार, शंभर-सव्वाशे रुपये. एकूण बिलाचा सरासरी दर धरला असता तर खर्च बराच कमी दिसला असता. निर्णय घेताना पुढचं युनिट कितीला पडतं तेच पाहायचं असतं. तरीही एका ब्लाउजच्या कमाईत महिन्याची वीज निघत होती.

याच निकषावर पैसे कसे वाटावेत, याचा नियम हेरमान गॉसेन या जर्मन अर्थतज्ज्ञाने १८५४ मध्ये मांडला. प्रत्येक गोष्टीवरच्या शेवटच्या रुपयातून मिळणारं समाधान सारखं होईल असं वाटा, कारण तसं नसेल तर एकीकडचा रुपया काढून दुसरीकडे घातल्याने फायदा होतो. गव्हाच्या पाचव्या पोत्यात घातलेला रुपया फारच थोडं देत होता, मोटरीत घातलेला भरपूर. म्हणून तो पोत्यातून निघून मोटरीत गेला. ताईंनी गॉसेनचं नाव ऐकलेलं नाही. त्या म्हणतात, "जिथे अडतंय तिथे आधी."

त्यांच्या वेळेचाही भाव असाच हंगामाप्रमाणे बदलतो. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात भाजी पवननगरपेक्षा किलोला आठ-दहा रुपयांनी स्वस्त मिळते. सहा-सात किलोंवर साठ रुपये. जाऊन यायला स्कूटरचं चाळीस रुपयांचं पेट्रोल आणि दीड तास. लग्नसराईत दीड तास म्हणजे अर्धा ब्लाउज, सत्तर रुपये, त्यामुळे ताई तेव्हा घाटावर पाऊल टाकत नाहीत. आषाढात मशीन रिकामं असतं, तेव्हा शेजारणीच्या गाडीवर निम्म्या पेट्रोलात जाऊन येतात. "मे महिन्यात गेली नाही, जुलैत का गेली?" असं विचारणाऱ्याला यात धरसोड दिसेल. पण वीस रुपयांचं पेट्रोल जाऊन चाळीस रुपये सुटतात आणि दीड तासात दुसरं काही मिळणार नसतं, तर जाणंच बरोबर.

वाटणी

शेवटी ठरलं ते असं. गहू ४,८००, त्याचा टेम्पो १५०, तांदूळ १,२५०, कांदा ४५०, मिरची-मसाला १,०००, मोटर २,२००. शाळेच्या डब्यात ५,१५०. शाळेला कमी पडणारे पैसे मेच्या शिलाईतून उभे करायचे. ही शेवटची अट जोखमीची होती आणि तसं सगळ्यांसमोर बोलूनही झालं.

हर्बर्ट सायमन यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं होतं की माणसाला सगळे पर्याय आणि सगळी माहिती कधीच हाताशी नसते. तो पुरेसा चांगला पर्याय सापडला की थांबतो. या वाटणीतही तसंच झालं. डाळी, शेंगदाणे, साखर यांचा हिशेब कुणी मांडलाच नाही. रात्रीचे अकरा वाजले होते आणि सकाळी यजमानांची पहिली पाळी होती.

पुढे काय झालं

मे आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मोटरीवर २६ ब्लाउज जास्त शिवून झाले, ३,६४० रुपये. शाळेचा खर्च अंदाजापेक्षा जास्त, ९,४०० आला, कारण मुलाचे बूट धरलेच नव्हते. डब्यातले ५,१५० आणि शिलाईचे ३,६४० घातले, उरलेले ६१० मेच्या ओव्हरटाइममधून गेले. गटाचं कर्ज घ्यावं लागलं नाही.

त्याचं मोल ऑगस्टमध्ये कळलं. कारखान्यात ऑर्डर कमी झाली आणि यजमानांना तीन आठवड्यांचा ब्रेक मिळाला. साडेतेरा हजारांची मजुरी बुडाली. गहू घरात असल्याने त्या महिन्याच्या किराण्यात साधारण सातशे कमी लागले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट गटाची होती. या गटात एका सभासदाला एका वेळी एकच कर्ज मिळतं. जूनमध्ये शाळेसाठी ते उचललं असतं तर ऑगस्टमध्ये हात बांधलेले असते आणि बाहेर महिन्याला पाच टक्क्यांनी पैसे काढावे लागले असते, नाहीतर मंगळसूत्र गहाण पडलं असतं. ताईंनी गटातून सहा हजार घेतले, दिवाळीच्या बोनसमधून फेडले. एप्रिलमध्ये आम्ही गव्हाच्या पैशावरचं व्याज मोजलं होतं. उधार घेण्याची न वापरलेली जागा हीदेखील एक शिल्लक असते, ती मोजायला हवी हे पुढच्या वर्षासाठी वहीत लिहून ठेवलं आहे.

कांद्यातला दहा किलोच्या आसपास गेला. उरलेला सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पुरला. नोव्हेंबरात राहिलेला गहू ३७ ने घेतला, एप्रिलपेक्षा पाच रुपये जास्त देऊन, आणि सासूबाईंनी ते बोलून दाखवलंच.

एका गोष्टीवर माझं आणि ताईंचं जमलं नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी एक लिटरचं दूध अर्धा लिटर केलं. दोन मुलं वाढीची, म्हातारं माणूस घरात. मला ही कपात पटली नाही. मी म्हटलं, एक मोबाइल महिनाभर बंद ठेवा. त्या म्हणाल्या, "गिऱ्हाइकाचे फोन त्याच्यावर येतात, आणि ह्यांना ठेकेदार कधी बोलवेल सांगता येत नाही." भाडं अर्धं देता येत नाही. शिकवणीची फी अर्धी होत नाही, औषधाची गोळी अर्धी करू नये. दूधवाल्याला मात्र उद्यापासून अर्धा लिटर सांगता येतं. गॉसेनच्या नियमात रुपया हवा तिथून हवा तेवढा काढता येतो. गरीब घरातले बहुतेक खर्च अखंड असतात, ते पूर्ण ठेवावे लागतात किंवा पूर्ण सोडावे लागतात. म्हणून कात्री लागते ती दूध, भाजी आणि अंड्यांना. त्यांची गरज सगळ्यात कमी असते असं मुळीच नाही, ते तेवढे कापता येतात इतकंच. गटाच्या आजारपणाच्या निधीसारखाच लहान मुलांच्या दुधासाठी बिनव्याजी उचलीचा निधी ठेवावा, असं मी पुढच्या बैठकीत मांडलं. काही जणींना पटलं, काहींनी विचारलं की दूध खरंच आणलं हे बघणार कोण. निर्णय झालेला नाही.

ताईंच्या घरी दूध दिवाळीनंतर पुन्हा एक लिटर झालं. मुलगी यंदा दहावीत जाईल. तिच्या गणित-विज्ञानाच्या क्लासची फी दोन हप्त्यांत भरायची की एकदम भरून आठशे रुपये सूट घ्यायची, हा हिशेब सध्या वहीत उघडा आहे.